वस्तीवरच्या झेडपी शाळेचा पट १७ आहे. ३० सप्टेंबरच्या आत काय करता येईल?

वस्तीवरची (खानापूर तालुका, जि. सांगली)

नमस्कार. विट्यापासून आत, डांबरी सोडून साडेतीन किलोमीटरवर आमची वस्ती आहे. पहिली ते चौथीची जिल्हा परिषदेची शाळा, दोन खोल्या, एक सर, एक मॅडम. सर मुख्याध्यापकाचंही काम बघतात. गेल्या वर्षी पालकसभेत शाळा व्यवस्थापन समितीचं अध्यक्षपद माझ्याकडं आलं. माझं शिक्षण बारावी. याच शाळेत १९९६ ला पहिलीत बसले होते आणि आता माझी मुलगी तिथंच तिसरीत आहे.

सर म्हणाले, पट १७ वर आलाय आणि ३० सप्टेंबरच्या पटावर संचमान्यता होते, म्हणजे शाळेला शिक्षकांची किती पदं ते ठरतं. २० च्या आत राहिलो तर दुसऱ्या शिक्षकाच्या पदाचं काही खरं नाही. मॅडम गेल्या तर चार वर्ग एकट्या सरांवर. त्यात सरांना महिन्यातून दोन-तीनदा मीटिंग असते. त्या दिवशी शाळा कुणी बघायची? खिचडी शिजवणाऱ्या मावशींनी?

मला नुसतं "पट कमी झाला" हे वाक्य पटेना. कमी झाला म्हणजे पोरं गेली कुठं? म्हणून परवा शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर सरांना म्हटलं, जनरल रजिस्टर काढा, बघूया. दोन तास बसलो. माझ्या नावाची ओळ सापडली, आईच्या सांगण्यावरून घातलेली जूनची जन्मतारीखही. त्या वर्षी शाळेत ५८ पोरं होती. एकेका ओळीवर बोट ठेवत गेलं की कळतं, घरं कशी पांगली. आमच्या वर्गातल्या सात जणांची घरं आज कुलपात आहेत. सोन्या-चांदीच्या गलाईच्या धंद्यात कोण तमिळनाडूत, कोण केरळात, कोण थेट बंगालात. दिवाळीला आणि जत्रेला दारं उघडतात, आठ दिवस वस्ती भरल्यासारखी वाटते, परत कुलूप.

आता आजचे १७ कोण ते सांगते. पहिलीत ३, दुसरीत ५, तिसरीत ४, चौथीत ५. त्यात मुली ११ आणि मुलगे ६. हे असं का, ते आमच्या वस्तीवर कुणाला विचारायची गरज नाही. एकाच घरातला भाऊ पिवळ्या गाडीतून विट्याच्या इंग्लिश शाळेत जातो आणि बहीण चालत इकडं येते, अशी तीन घरं आहेत.

सहा पोरं धनगरवाड्यातली. चार पोरं द्राक्षबागेत सालानं राहिलेल्या मजुरांची, त्यातली दोन कुटुंबं जतकडची, घरात कानडी बोलतात. दोघं आजीजवळ राहतात, आईबाप गलाईला. उरलेली पाच आमच्यासारख्या चार-पाच एकर बागायत असलेल्या घरांतली. पूर्वी निम्मी शाळा या घरांतली असायची. या घरांची चौदा पोरं रोज सकाळी पावणेआठला गाडीत बसतात. ती आली असती तर पट ३१ झाला असता.

आणि तीन पोरं अशी आहेत जी कुठंच नाहीत. ओढ्याच्या पलीकडं मेंढक्यांची दोन पालं आहेत. तिथं एक सात वर्षांची मुलगी आणि तिचा सव्वासहा वर्षांचा चुलतभाऊ. तिसरा वीटभट्टीवरच्या कुटुंबाचा. भट्टी पावसात बंद झाली तरी ते इथंच राहिलेत, मुलगा आठ वर्षांचा आहे. मागं कुठल्या तरी गावात दुसरीत नाव होतं म्हणतात, दाखला काढलेला नाही. मी पालावर गेले होते. ती बाई कोकरांना पाला टाकत होती, मान वर न करता म्हणाली, "आमी दिवाळी झाली की जाणार खालतीकडं. चार महिन्यांसाठी नाव घालून काय करायचं, बाई?" मला तिथं उत्तर सुचलं नाही. घरी येऊन रात्रभर तेच डोक्यात.

वस्तीवरच्या एका वयस्कर माणसानं सल्ला दिला की गाडीतून जाणाऱ्या पोरांची नावं नुसती पटावर घाला, कोण बघतंय. ते मी करणार नाही. सरांना त्यात अडकवायचं नाही आणि खोट्या नावांवर उभी राहिलेली शाळा मला नको.

तर माझे प्रश्न. दाखला नसताना, आधार नसताना त्या तिघांना आत्ता, जुलैच्या मध्यात घेता येतं का? दिवाळीनंतर ती गेली तर त्यांचं आणि आमच्या पटाचं काय होतं? आणि गाडीतली पोरं परत आणायला कुणी कुठं काही केलं असेल तर काय केलं? ज्यांनी प्रत्यक्ष केलंय त्यांनीच सांगा, कारण माझ्याकडं अडीच महिने आहेत.

माणदेशी गुरुजी (निवृत्त केंद्रप्रमुख, जि. सातारा)

ताई, रजिस्टर काढून बसलात हे फार चांगलं केलंत. मी चौतीस वर्षं नोकरी केली, त्यातली शेवटची अकरा केंद्रप्रमुख म्हणून. पट का घसरला याचं उत्तर रजिस्टरमध्ये असतं आणि बैठकीत ते रजिस्टर कुणी उघडत नाही.

तुमचा पहिला प्रश्न. हो, आत्ता घेता येतं. उद्या घ्या. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. त्यातली चार कलमं एका कागदावर लिहून सरांच्या टेबलावर ठेवा. कलम ४ : जे मूल कधी शाळेत गेलं नाही किंवा मध्येच सुटलं, त्याला वयानुरूप वर्गात घ्यायचं. म्हणजे तुमची ती सात वर्षांची मुलगी दुसरीत बसेल, आणि मागं पडलेलं भरून काढायला तिला विशेष प्रशिक्षण मिळण्याचा हक्क आहे. कलम ५ : एका शाळेतून दुसरीकडं जाण्याचा हक्क. दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. भट्टीवरच्या मुलाला हे लागू. कलम १४ : वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. जन्मनोंद नसेल तर अंगणवाडीचं किंवा दवाखान्याचं रजिस्टर, तेही नसेल तर पालकाचं लेखी निवेदन चालतं. कलम १५ : प्रवेशाची मुदत संपली तरी प्रवेश द्यायचाच. सव्वासहा वर्षांचा मुलगा पहिलीत बसतो, कारण ३१ डिसेंबरला ६ वर्षं पूर्ण हवीत, ती झालेलीच आहेत.

आधारची गोष्ट वेगळी आहे आणि तिथं गल्लत होते. आधार नाही म्हणून मूल वर्गाबाहेर ठेवता येत नाही. पण संचमान्यतेला मोजतात ते ऑनलाइन नोंद झालेले, आधार जुळलेले विद्यार्थी. वर्गात २० बसलेत आणि पोर्टलवर १८ दिसतात, असं होऊ शकतं. नाव, जन्मतारीख, मुलगा की मुलगी, या तिन्ही गोष्टी शाळेच्या नोंदीत आणि आधारवर सारख्याच हव्यात. मी माण तालुक्यात असताना एका शाळेत चार पोरं याच कारणानं अडकली होती. रजिस्टरला "बिरुदेव", आधारवर "बिरू". आईनं हाक मारायचं नाव सांगितलं, आधारवाल्यानं तेच टाकलं. म्हणून आत्ताच्या सतरांचंही एकदा तपासून घ्या. आणि पाच वर्षांच्या आत काढलेल्या आधारला पुढं बोटांचे ठसे नव्यानं द्यावे लागतात, ते राहून गेलेलं असतं.

भट्टीवरच्या मुलाचं नाव मागच्या शाळेच्या युडायसवर, म्हणजे शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत, अजून असेल. त्या शाळेनं ते सोडलं की तुमच्याकडं ओढता येतं. पालकांना गावाचं नाव आठवत असेल तर सरांना म्हणावं पत्रावर थांबू नका, फोन लावा. मुख्याध्यापक मुख्याध्यापकाचं ऐकतो.

२० च्या आकड्याबद्दल. कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीला ६० पर्यंत पट असेल तर दोन शिक्षक असं स्पष्ट आहे. राज्याच्या १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या निर्णयात २० ची रेघ आली. त्याच वर्षी ५ सप्टेंबरला, कमी पटाच्या शाळेत दोनपैकी एक जागा कंत्राटी पद्धतीनं भरायचा निर्णय निघाला आणि पुढच्या फेब्रुवारीत रद्दही झाला. त्याआधी २०२३ च्या सप्टेंबरात २० च्या आतल्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायचे प्रस्ताव मागवले होते. पानशेत आणि तोरणमाळची उदाहरणं दिली होती. तेव्हा अशा शाळा १४,७८३ निघाल्या आणि त्यात पोरं १ लाख ८५ हजारांच्या घरात. हे सगळं सांगतो ते एवढ्यासाठी की निर्णय फिरत राहतात. तुमच्या समितीनं ठराव करताना कायद्याचं परिशिष्ट आणि वस्तीपासून एक किलोमीटरच्या आत पाचवीपर्यंतची शाळा हा राज्याच्या नियमातला मुद्दा, या दोन्हींचा उल्लेख करावा. ठरावाची प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्या आणि पोच घ्या. पोच घेतल्याशिवाय उठू नका.

खोटी नावं घातली नाहीत हे उत्तम. ३ ते ५ ऑक्टोबर २०११ ला राज्यभर पटपडताळणी झाली, तेव्हा मी पथकात होतो. पोरांच्या बोटाला शाई लावून मोजत होतो. एक पहिलीतली पोर शाई बघून रडायला लागली, तिला वाटलं काहीतरी शिक्षा आहे. मोठ्यांनी पटावर खोटं लिहिलं आणि बोट तिचं धरलं. ते मला अजून विसरता येत नाही.

आणि पालावरच्या बाईला सांगायचं असेल तर हे सांगा. साताऱ्यात राजवाड्याजवळच्या प्रतापसिंह हायस्कूलच्या रजिस्टरात ७ नोव्हेंबर १९०० ची एक नोंद आहे, क्रमांक १९१४, नाव भिवा रामजी आंबेडकर. लष्करातून निवृत्त झालेले वडील दापोलीहून बिऱ्हाड घेऊन साताऱ्याला आले होते. त्या दिवशी ते नाव घातलं म्हणून आज ७ नोव्हेंबर विद्यार्थी दिवस आहे. ही पुढं गेलेल्या मोठ्या माणसाची गोष्ट म्हणून नका सांगू. नाव घातलं की त्या नावाला धरून पुढचा दाखला मिळतो, एवढंच तिला समजलं तरी पुरे.

गाडीतल्या पोराची आई, विटा भाग

ताई, तुम्ही गाडीतली पोरं म्हणून ज्यांना लिहिलंय त्यातलीच मी एक, तुमच्या वस्तीची नव्हे पण शेजारची. राग आला नाही. खरं सांगायला लिहिते आहे.

माझा मुलगा आता दुसरीत आहे. त्याला इंग्लिश शाळेत घालायचं आम्ही तो सहा वर्षांचा झाल्यावर ठरवलंच नाही. तो तीन वर्षांचा असताना ठरलं. मे महिन्यात त्या शाळेचे दोन शिक्षक रंगीत कागद घेऊन दारात आले, त्याला टोपी दिली, माझ्या सासऱ्यांशी अर्धा तास बोलले. झेडपीच्या शाळेतून कुणी आलं ते तीन वर्षांनी, जूनमध्ये, दाखलपात्र मुलांची यादी घेऊन. तोवर तो एलकेजी, यूकेजी करून बसला होता, त्याचे दोस्त त्या गाडीत होते. मग कोण काढतंय?

वर्षाला फी आणि गाडी मिळून तीस हजारांच्या पुढं जातं. द्राक्षाला दर आला त्या वर्षी कळलं नाही. गेल्या वर्षी अवकाळीत बाग गेली तेव्हा सोसायटीच्या कर्जाबरोबर हेही डोक्यावर होतं. पोराला कविता सगळ्या येतात, हातवारे करून म्हणतो. पण माझ्या आईनं पाठवलेली मराठी चिठ्ठी त्याला वाचता आली नाही आणि इंग्लिश पुस्तकात काय लिहिलंय ते मला सांगता येत नाही. अभ्यास घ्यायला बसले की दोघंही गप्प. हे मी कुणाला बोलले नव्हते.

तुमच्या अंगणवाडी सेविकेकडं तीन ते सहा वयाच्या सगळ्या पोरांची नावं असतात. यंदा जी तीन वर्षांची झाली त्यांच्या घरी आत्ता जा. पहिलीचं सांगू नका, तिसरीतलं एखादं पोर बरोबर न्या आणि त्याला दारात बसून पेपर वाचायला लावा. माझ्या दारात कुणी असं वाचून दाखवलं असतं, तर सासरे तरी थांबले असते.

वस्तीवरची (खानापूर तालुका, जि. सांगली)

गुरुजी, कागद लिहून काढला आणि सरांना दिला. सरांना कलमं माहीत होती, पण पोर्टलवर दाखला क्रमांक लागतो म्हणून ते अडून बसले होते. तुमच्यामुळं फोन लावायला तयार झाले.

ताई, तुम्हाला काय लिहू. माझ्या सख्ख्या जावेचा मुलगा त्या गाडीत आहे आणि आम्ही दोघी या विषयावर एक वर्ष बोललो नाही. आज तुमचं लिहिलेलं तिला वाचून दाखवलं. ती काही म्हणाली नाही, पण उठूनही गेली नाही.

गलाईवाला, सेलम

राम राम. मी आटपाडी तालुक्यातला, गेली एकोणीस वर्षं तमिळनाडूत. कुलूप लावलेल्या घरांतलाच एक म्हणा.

ताईंनी आजीजवळच्या दोन पोरांचा उल्लेख केलाय त्यावर सांगतो. माझी मुलगी चौथीपर्यंत गावात आईजवळ होती. लोकांना वाटतं आम्ही पोरांना टाकून पैसे मिळवायला गेलो. इथं शाळेत तमिळ सक्तीचं आहे, दहावीपर्यंत. चौथीतून पाचवीला आणली तेव्हा तिला तमिळचं एक अक्षर येत नव्हतं. पहिलं वर्ष ती वर्गात नुसती बसायची. ज्यांनी पहिलीपासून इथं घातलं त्यांची पोरं तमिळ फडाफडा बोलतात, पण गावी जत्रेला आली की आजीचं पत्र तर सोडाच, देवळावरची पाटी वाचता येत नाही. दोन्हीकडून काहीतरी सुटतंच. आजीजवळ ठेवणारी घरं शाळेवर विसंबून ठेवतात. शाळेत दोन शिक्षक आहेत, दुपारी जेवण आहे, पोर चालत जाऊन येतं, एवढ्यावर म्हातारी हो म्हणते. शाळा तीन किलोमीटर लांब गेली की माझ्या आईच्यानं झालं नसतं.

आमची माणसं गावातल्या देवळाला सढळ हातानं देतात, कळस करतात, सभामंडप करतात. खरसुंडीच्या जत्रेला येतील तेव्हा तुमच्या वस्तीच्या कुलूपवाल्या घरांना एक दिवस शाळेत बोलवा. पैसे मागायच्या आधी रजिस्टर उघडून त्यांचं नाव दाखवा. मला कुणी माझ्या नावाची ओळ दाखवली तर मी खिशात हात घातल्याशिवाय राहणार नाही. आणि मागायचं ते रंगरंगोटीला मागू नका. अंगणवाडीच्या पोरांना शिकवायला एक बाई ठेवायचा खर्च मागा, मागच्या ताईंनी जे लिहिलंय त्यासाठी.

सीमेवरचा मास्तर (जत)

ताईंचा दुसरा प्रश्न, दिवाळीनंतर पोरं गेली तर काय, यावर कुणी नीट बोललं नाही. माझी सगळी नोकरी त्याच प्रश्नात चालली आहे म्हणून लिहितो.

आमची शाळा जत तालुक्यात पूर्वेला. निम्म्या घरांत कानडी. तालुक्यात जिल्हा परिषदेच्या कानडी माध्यमाच्याही शाळा आहेत, माझी मराठी आहे. जूनमध्ये माझा पट भरलेला असतो. दसरा झाला की मुकादम ऊसतोडीची उचल देतो आणि एकेक कोयता बाहेर पडतो, कृष्णाकाठाला, वाळव्याकडं, पलूसकडं, कराडकडं. नवरा-बायको म्हणजे एक कोयता. त्यांच्याबरोबर पोरं. मोठी मुलगी असेल तर ती हमखास, कारण खोपीवर धाकट्याला सांभाळायला कुणीतरी लागतं. मार्चला परत येतात.

आता ३० सप्टेंबर बघा. त्या दिवशी पोरं माझ्याकडं असतात, म्हणून माझी पदं सुरक्षित. नोव्हेंबर ते मार्च ज्या गावाच्या शिवारात ती असतात तिथल्या शाळेच्या हिशेबात ती कुठंच नाहीत. त्या गुरुजींनी पाच महिने पोरं सांभाळली तरी त्यांचा पट वाढत नाही, म्हणून काही ठिकाणी "तुमच्या गावी जा" म्हणून परत लावतात. ताईंच्या भागात उलटं आहे. ऑक्टोबरच्या फळछाटणीला मजूर येतात ते नेमके तारीख उलटल्यावर. म्हणजे तुमच्याकडं डिसेंबरात पोरं जास्त असतील आणि कागदावर कमी. ही तारीख कुणी वाईट हेतूनं ठेवलेली नाही, पण ती ज्यांचं घर जागेवर असतं त्यांच्यासाठी ठेवलेली आहे. हे तुमच्या ठरावात लिहा. दर महिन्याच्या प्रत्यक्ष हजेरीची नक्कल जोडा, ऑक्टोबर ते मार्चची वेगळी. मी तीन वर्षं जोडतोय.

धनगराच्या पोरांच्या बाबतीत तुम्ही नशीबवान आहात. मेंढकी आषाढात येतात आणि दिवाळीनंतर जातात, म्हणजे ३० सप्टेंबरला ती तुमच्याकडंच असणार. पण पटासाठीच घेतलं असं त्या आईला वाटू देऊ नका. तिला लगेच कळेल. जाताना सरांनी शिक्षण हमी कार्ड द्यायचं. कोणत्या इयत्तेत होतं, काय येतं, सगळं त्यावर असतं आणि ते दाखवलं की जिथं पाल पडेल तिथल्या शाळेत बसता येतं. नाव तुमच्याच पटावर राहतं, परत आलं की परत तुमच्याकडं. नुसतं कार्ड देऊन भागत नाही, हा माझा अनुभव. कार्ड पालात भिजतं, हरवतं. मी कार्डाचा फोटो बापाच्या मोबाइलवर टाकतो आणि जिथं जाणार त्या गावच्या शाळेचा नंबर शोधून आधीच बोलून ठेवतो. गेल्या साली नऊपैकी पाच पोरं खरोखर तिकडच्या शाळेत बसली. चार नाही बसली. त्या चारांतल्या तीन मुली होत्या.

घरी कुणी म्हातारं माणूस असेल तर हंगामी वसतिगृहाच्या योजनेचं विचारा. पोरं गावातच राहतात, सकाळ-संध्याकाळच्या जेवणाची सोय होते. प्रस्ताव मात्र समितीला वेळेत द्यावा लागतो, दिवाळी झाल्यावर जाऊन उपयोग नाही.

मुलींसाठी उपस्थिती भत्ता आहे, पहिली ते चौथीच्या ठरावीक गटातल्या मुलींना दिवसाला १ रुपया. १९९२ साली सुरू झाला तेव्हाही एक रुपयाच होता. आज त्याच्यावर कुणी पोरगी शाळेत पाठवेल असं मला वाटत नाही, पण हक्काचा आहे तर नोंद करा.

एक गोष्ट गुरुजींच्या उत्तराला जोडतो. कानडी बोलणाऱ्या त्या दोन कुटुंबांतल्या पोरांना पहिल्या दिवसापासून मराठी पुस्तक हातात देऊ नका. माझ्याकडं दुसरीतली एक मुलगी चार महिने बोलली नाही, मी मतिमंद समजून बसलो होतो. एक दिवस मैदानात चिमणी पडली तेव्हा ती पळत आली आणि "गुब्बी, गुब्बी" म्हणून ओरडली. त्या दिवशी मला कळलं की तिला सगळं येतं, मलाच तिचं येत नाही. आता मी फळ्यावर दोन्ही शब्द लिहितो, तिच्या पुढ्यात चिमणी आणि गुब्बी शेजारी शेजारी. तुमच्या मॅडमना सांगा, दोन शब्द त्या पोरांकडून रोज शिकायचे.

वस्तीवरची (खानापूर तालुका, जि. सांगली)

तीन आठवडे झाले, काय झालं ते लिहायचं राहिलं होतं.

मास्तरांचं उत्तर वाचल्यावर दुसऱ्याच दिवशी मी आणि मॅडम पालावर गेलो. या वेळी मी नाव घाला म्हटलंच नाही. मॅडमनी विचारलं की दिवाळीनंतर कुठल्या गावाला उतरता. ती बाई पहिल्यांदा मान वर करून बोलली. तिनं सगळी वाट सांगितली, कुठं किती मुक्काम, कुठल्या रानात खतासाठी मेंढरं बसवायला बोलावतात, कुठल्या विहिरीवर पाणी देत नाहीत. मॅडम लिहून घेत होत्या. मग तीच म्हणाली, "ह्या गावाला शाळा रस्त्याच्या कडंलाच हाय." तिनं ती बघून ठेवली होती. एवढी वर्षं येता-जाता बघत होती.

मुलगी दुसरीत बसली, चुलतभाऊ पहिलीत. भट्टीवरच्या मुलाची मागची शाळा तासगाव भागातली निघाली. सरांनी फोन केला, चार दिवसांत नाव सुटलं, वयाप्रमाणं तो तिसरीत बसला. माझ्या मुलीच्या शेजारी बसतो. पट आता २० आहे, पण २० च्या आत धरतात की बाहेर यावरून सर आणि केंद्रातले लोक वेगवेगळं सांगतात. म्हणून मी एकविसाव्याच्या मागं आहे. ठराव केला, हजेरीची नक्कल जोडली, पोच घेतली.

अंगणवाडीत या वर्षी तीन पूर्ण झालेली पोरं पाच आहेत. दोन घरी जाऊन झालं. माझी मुलगी दारात बसून पेपर वाचते, अडखळली की घरातली आजीच पुढचं अक्षर सांगते. जावेनं अजून काही ठरवलेलं नाही, पण रविवारी धाकट्या मुलीला घेऊन अंगणवाडीत आली होती.

एक अडचण उरली आहे, कुणाला माहीत असेल तर सांगा. पालावरच्या मुलीचं आधार आहे, पण त्यावर नाव "बाळाबाई" पडलंय आणि घरात सगळे तिला वेगळ्याच नावानं हाक मारतात. शाळेत तिनं स्वतः तेच वेगळं नाव सांगितलं आणि सरांनी तेच रजिस्टरला लिहिलं. आता जुळवायचं तर एक नाव बदलावं लागेल. सर म्हणतात रजिस्टरचं बदलणं सोपं. मुलगी म्हणते, माझं नाव नका बदलू. सोमवारी तिच्या आईला घेऊन विट्याच्या आधार केंद्रावर जाणार आहे, आधारवरचं बदलून मिळतं का ते बघायला. जाताना कुठली कागदं न्यायची?